कात जाळू नका, वाचा

सोनई परिसरात सापाची कात सापडायच्या जागा ठरलेल्या आहेत. परसातला गोवऱ्यांचा ढीग, कडब्याच्या गंजीचा तळ, गोठ्यामागची दगडांची रास, पाण्याच्या हौदाची ओली कड, न्हाणीच्या मोरीचं तोंड. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी आलं, ऊस उभा राहिला, उसात उंदीर माजले आणि उंदरांमागे साप आले, असा हा साधा हिशेब आहे. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की एकेक फड रिकामा होतो आणि इतके दिवस उसात दडलेले उंदीर आणि साप वस्तीकडे सरकतात. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की पुन्हा तेच. मग कुणीतरी चुलीसाठी गोवऱ्या काढायला जातं आणि हाताशी पांढुरकी, सळसळणारी कात लागते.

पुढे जे होतं तेही ठरलेलं. एक तर ती काठीने उचलून जाळून टाकतात. नाहीतर ‘नागाची आहे’ असं कुणीतरी छातीठोकपणे सांगतं आणि तिचा तुकडा तिजोरीत किंवा पाकिटात जातो. नीट कुणी बघत नाही. खरं तर साप निवांत, जवळून आणि बिनधोक पाहायची संधी आपल्याला कातेशिवाय कधी मिळत नाही. मण्यार आणि कवड्या यांच्यातला खात्रीचा फरक शेपटीच्या खालच्या बाजूला असतो. जिवंत सापाची शेपटी उलटी करून पाहण्याचा शहाणपणा कुणी करू नये, पण कातेची शेपटी खुशाल उलटी करा.

हात लावण्याआधी

कातेत विष नसतं. ती मेलेल्या त्वचेचा वरचा थर असते आणि तिला शिवल्याने काही होत नाही. धोका असतो तो ती जिथे पडली आहे त्या जागेत. कात टाकण्याआधी काही दिवस सापाचे डोळे दुधाळ, निळसर होतात, त्याला नीट दिसत नाही आणि तो आडोशाला गप्प पडून राहतो. साप बहुतेकदा ओलसर, खरबरीत आडोशालाच कात टाकतात. म्हणून कात ढिगाच्या आत अडकलेली दिसली तर हात घालू नका. दिवसाउजेडी, पायात बूट घालून, लांब काठीने ती बाहेर ओढा. आधी जागेवरच मोबाइलवर फोटो काढा, कारण ओढताना डोकं किंवा शेपटी तुटते आणि नेमके तेच दोन भाग महत्त्वाचे असतात.

कात सापाचीच आहे ना, हेही पाहून घ्या. सरडा, सापसुरळी, घोरपड यांचीही कात निघते, पण बहुधा तुकड्यातुकड्यांनी, आणि पायांच्या जागा कळतात. सापाची कात ओठांपासून सुटते आणि मोजा उलटा काढावा तशी शेपटीपर्यंत उलटी होत निघते. तिच्या पोटाच्या बाजूला एकाखाली एक अशा आडव्या पट्ट्या असतात. सापाला पापण्या नसतात, डोळ्यावर एक पारदर्शक गोल खवला असतो आणि तोही कातेबरोबर निघून येतो. अखंड कातेच्या डोक्यावर हे दोन गोल पापुद्रे स्पष्ट दिसतात.

वाळून कडक झालेली कात उलगडायला गेलं की तडकते. घमेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात शांपूचा एखादा थेंब टाका आणि कात अर्धा तास भिजू द्या. ती मऊ झाली की काळ्या कापडावर पसरा. नळीसारखी अखंड असेल तर पोटाच्या पट्ट्या संपतात तिथून, म्हणजे कुशीवरून, कात्रीने उभी कापा. पाठीच्या मधोमध कापू नका, ती ओळ पुढे लागणार आहे. मग मोबाइलची बॅटरी मागून धरली की खवला न् खवला मोजता येतो. काम झालं की साबणाने हात धुवा.

रंग आणि लांबी विसरा

लोक पहिल्यांदा याच दोन गोष्टी सांगतात आणि दोन्ही फसव्या आहेत. सापाचे बरेचसे रंग त्वचेच्या आतल्या थरांत असतात, कातेत ते येत नाहीत. गडद नक्षीची पुसट सावली तेवढी कधीकधी उतरते. काळ्याभोर सापाचीही कात मळकट पांढरी दिसू शकते, म्हणून ‘पांढरी कात, पांढरा साप’ हे सोडून द्या. फण्यावरच्या चिन्हाची छाया स्पष्ट दिसली तर चांगलंच, पण ती दिसली नाही म्हणून तो नाग नाही असं ठरत नाही.

लांबीचंही तसंच. खवल्यांमधली मऊ त्वचा एरवी घडीत असते, कात निघताना ती उलगडते आणि ताणली जाते. त्यामुळे कात नेहमी सापापेक्षा लांब भरते. पाच फुटी कात टाकणारा साप पाच फुटांचा नसतो. त्यापेक्षा शेपटीचं प्रमाण पाहा, कारण ताण साधारण सगळीकडे सारखाच पडतो. गुदद्वारापासून टोकापर्यंतची शेपटी एकूण लांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी किंवा जास्त असेल तर धामण, रुखई अशा चपळ सापांचा विचार करा. शेपटी आखूड आणि धड रुंद असेल तर घोणशीचा.

वाचायचा क्रम

कात वाचायचा सोपा क्रम शेपटीकडून डोक्याकडे जातो, कारण अर्धवट कातेत बहुधा डोक्याचाच भाग फाटलेला असतो.

पहिल्यांदा गुदद्वार शोधा. पोटाच्या रुंद पट्ट्या संपतात आणि शेपटीच्या अरुंद पट्ट्या सुरू होतात, त्या सांध्यावर एक खवला गुदद्वार झाकतो. तो अखंड आहे की मधे तिरकी चीर जाऊन त्याचे दोन तुकडे झालेत, हे पाहा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांतही तो अखंड असतो. धामण, दिवड, नानेटी आणि कवड्या यांच्यात तो दुभागलेला असतो. म्हणजे हा खवला स्पष्ट दुभागलेला दिसला तर कात त्या चौघांपैकी कुणाचीही नाही. याला एक अपवाद ध्यानात ठेवा. पोवळा नावाचा बारीक, क्वचित दिसणारा साप विषारी आहे आणि त्याचा हा खवला दुभागलेला असतो. त्याची कात दोरीसारखी सडपातळ, फूट-सव्वा फुटांची असते. उलट बाजूने मात्र हा नियम लागू पडत नाही. खवला अखंड आहे म्हणून साप विषारीच असेल असं नाही, कारण तस्कर, मांजऱ्या, मांडूळ आणि डुरक्या घोणस हे बिनविषारी किंवा माणसाला निरुपद्रवी सापही त्याच गटात येतात.

दुसरं, शेपटीची खालची बाजू. गुदद्वारामागच्या पट्ट्या एकेरी आहेत की प्रत्येक पट्टी मधोमध दुभागून जोडी झाली आहे? मण्यार आणि फुरसे यांच्या एकेरी असतात, नाग आणि घोणस यांच्या जोडीच्या.

तिसरं, पाठीचे खवले. कातेच्या मध्यावर, पोटाच्या पट्टीला लागून असलेल्या खवल्यापासून तिरकं वर चढत, पाठ ओलांडून पलीकडच्या पट्टीपर्यंत खवले मोजा. मण्यारीत १५ ते १७ भरतात, कवड्यात १७, धामणीत १६-१७, दिवडात १९, नागात बहुधा २१ ते २३, तस्करात २३ ते २७, घोणशीत २७ ते ३३, तर डुरक्या घोणशीत चाळिशीच्या पुढे आणि मांडुळात पन्नाशीच्या पुढे. मोजतानाच प्रत्येक खवल्याच्या मधून उभा कंगोरा गेला आहे का, हेही पाहा. घोणस, फुरसे आणि दिवड यांचे खवले कंगोऱ्याचे, नाग आणि मण्यार यांचे गुळगुळीत. कात उलटी निघालेली असल्याने कंगोरा बाहेरून खाचेसारखा दिसतो, त्याने गोंधळू नका.

चौथं, डोकं. त्यावर मोजके मोठे खवले आहेत की पाठीसारखेच असंख्य बारीक? बारीक असतील तर घोणस, फुरसे किंवा डुरक्या-मांडूळ यांपैकी कुणीतरी.

घोळ होतो त्या तीन जोड्या

सर्वांत जास्त घोळ मण्यार आणि कवड्या यांच्यात होतो आणि तोच सर्वांत महाग पडतो. दोघेही रात्री फिरणारे, दोघेही पाली-उंदरांच्या मागे घरात येणारे, दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दंश फारसा दुखत नाही, खूणही दिसत नाही आणि पहाटे पोटदुखीने जाग येते. कवड्या निरुपद्रवी. कातेवर पट्टे नीट दिसोत न दिसोत, पाठीच्या अगदी मधली ओळ पाहा. मण्यारीत ती ओळ शेजारच्या खवल्यांपेक्षा मोठी आणि षटकोनी असते. कवड्यात पाठीची मधली ओळ बाकीच्यांसारखीच. पण एवढ्यावर थांबू नका, कारण रुखईच्या पाठीवरही मधली ओळ मोठी असते. आता शेपटी उलटी करा. षटकोनी मोठी ओळ आणि शेपटीखाली एकेरी पट्ट्या या दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर ती मण्यारच समजा. या ओळखीला डोकं लागतही नाही, पाठीचा वीतभर तुकडा आणि शेपटी पुरते.

दुसरी जोडी नाग आणि धामणीची. ‘मोठी कात म्हणजे नाग’ हा समज इतका पक्का आहे की धामणीच्या निम्म्या काती नागाच्या नावावर जात असतील. धामण आपल्याकडचा सर्वांत लांब भरणारा नेहमीचा साप आहे, सहा-सात फुटांची सहज सापडते. गुदद्वारावरचा दुभागलेला खवला आणि शंभराच्या वर जोड्या असलेली लांबलचक शेपटी दिसली की ती धामण. नागात तो खवला अखंड आणि शेपटीखालच्या जोड्या पंचाहत्तरीच्या आत. डोकं शाबूत असेल तर वरच्या ओठावरचे खवले नाकाकडून मोजा. नागाचा तिसरा खवला मोठा असतो, त्याचं एक टोक नाकपुडीच्या खवल्याला भिडतं, दुसरं डोळ्याला. खालच्या ओठावर चौथ्या आणि पाचव्या खवल्याच्या मधे एक चिमुकला त्रिकोणी खवला बसवलेला दिसला तर शंकेला जागा उरत नाही. तस्कराची कात पाठीचे खवले मोजताना नागाच्या जवळ जाते, तिथे ओठाचीच ही खूण निकाल लावते.

तिसरी जोडी घोणस आणि डुरक्या घोणशीची. दोघींचं डोकं बारीक खवल्यांचं, दोघींची शेपटी आखूड, नावही जवळचं. फरक पोटावर आहे. घोणशीच्या पोटपट्ट्या पोटाच्या पूर्ण रुंदीभर पसरलेल्या असतात. डुरक्याच्या पट्ट्या अरुंद, मधोमध चिंचोळी रांग तेवढी, दोन्ही बाजूंना बारीक खवले पोटावर उतरलेले. शिवाय डुरक्याची शेपटीखालची रांग एकेरी, घोणशीची जोडीची. घोणशीच्या पाठीवरच्या मोठ्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगांची छाया कातेवर बऱ्याचदा ओळखू येते. फुरशाची कात यांच्यापुढे चिमुकली, फूट-दीड फुटांची. ते काळ्या, ओलिताच्या रानापेक्षा मुरमाड माळावर, दगडी बांधावर जास्त, म्हणून माळाकडेच्या वस्त्यांनी त्याचं भान ठेवावं.

वीतभर लांबीची, पोटपट्ट्या अजिबात नसलेली, दोऱ्याएवढी कात कुंडीखाली सापडली तर ती वाळ्याची. तो मुंग्या-वाळवीची अंडी खातो, त्याला तसाच राहू द्या.

खवल्यांवरून साप ओळखण्याची ही पद्धत जुनी आणि कसोटीला उतरलेली आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्करी वैद्यकीय सेवेतला डॉक्टर फ्रँक वॉल याने विषारी साप कसे ओळखावेत यावर लिहिलेलं पुस्तक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९०७ मध्ये काढलं आणि पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. षटकोनी ओळ, ओठाचा तिसरा खवला या खुणा तेव्हापासून वापरात आहेत.

कात जे सांगत नाही

साप आता कुठे आहे, हे कात सांगत नाही. कात टाकून झाली की तो भुकेला असतो आणि निघून जातो. टाकलेल्या कातेकडे तो परत येत नाही, जोडीदार तिच्या शोधात येत नाही, कात जाळल्याने कुणी डूख धरत नाही. कात ओलसर, लवचिक असेल तर ती ताजी, कदाचित काही तासांपूर्वीची. कोरडी, चुरा होणारी, मुंग्यांनी पोखरलेली असेल तर जुनी. पावसाळ्यात हा अंदाजही चुकतो, कारण भिजलेली जुनी कात पुन्हा मऊ पडते.

मात्र एक गोष्ट ती नक्की सांगते. ही जागा सापाला लपण्याजोगी वाटली, म्हणजे आडोसा आहे, ओल आहे आणि बहुधा जवळपास खाणंही आहे. त्याच जागी पुन्हा पुन्हा काती सापडत असतील तर त्या ढिगाखाली उंदरांची बिळं आहेत असं धरून चाला. पावसाळ्याच्या तोंडी बोटाएवढ्या बारीक अनेक काती एकत्र दिसल्या तर आसपास पिल्लं आहेत. घोणस अंडी घालत नाही, एका वेळी वीस-चाळीस पिल्लांना जन्म देते, आणि पिल्लूही जन्मापासून विषारीच असतं.

ओळख पटली, आता काय?

कात धामणीची निघाली तर निश्चिंत राहा, ती उंदीर खाऊन तुमचंच धान्य राखते. मण्यार, नाग किंवा घोणशीची निघाली तर त्या रात्रीपासून घरातलं कुणीही जमिनीवर झोपू नये. बाजेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. मण्यारीविरुद्ध याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही. उसाच्या फडाशेजारी कोपी टाकून राहणाऱ्या तोडणी कामगारांना हे आवर्जून सांगा, कारण त्यांचं अंथरूण जमिनीवरच असतं.

बाकीची कामं साप कुठलाही असो, तीच. गोवऱ्या आणि सरपण भिंतीला टेकवून रचू नका, फूटभर उंच फळ्यांवर, घरापासून दूर ठेवा. न्हाणीच्या मोरीला आणि पाइपांच्या तोंडांना बारीक तारेची जाळी बसवा. शेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना दारं नाहीत याचं जगाला अप्रूप वाटतं, पण सापाला दार लागतच नाही, त्याला मोरी पुरते. उंबरठ्याखालच्या फटी, भिंतीतली भोकं सिमेंटने बुजवा. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवा आणि जनावरांचं पेंड-भुसा उघड्यावर सांडू देऊ नका. कोंबड्यांच्या खुराड्याला इतकी बारीक जाळी लावा की बोटही आत जाणार नाही. रात्री परसात जाताना बॅटरी आणि पायात पादत्राण. फिनाईल, रॉकेल, लसूण, गंधकाची रेघ यांवर पैसे घालवू नका, साप त्यांना जुमानत नाही.

साप प्रत्यक्ष दिसला तर त्याच्यावर लांबून नजर ठेवा, मुलं-जनावरं बाजूला करा आणि वनविभागाला किंवा परवानाधारक सर्पमित्राला बोलवा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार साप मारणं, पकडणं, जवळ बाळगणं गुन्हा आहे. काती विकत घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या नादीही लागू नका. कात पाहून झाली, फोटो आणि तारीख नोंदवून ठेवली की ती मातीत पुरा.

दंश झालाच तर

इथे कातेचा अभ्यास बाजूला ठेवायचा. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, त्यातली निम्मी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. यातले कितीतरी जीव उशिराने गेले. आपल्याकडे मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर एकत्रच चालते. त्यामुळे कुठला साप होता हे ठरेपर्यंत थांबायचं कारण नाही, आणि परसात कात धामणीची सापडली होती म्हणून ‘बिनविषारीच असेल’ असं म्हणणं तर जिवावर बेतेल. एका परसात दोन जातींचे साप सहज राहतात.

चावलेल्या माणसाला चालू देऊ नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, सूज आली की ती रुततात. हातापायाला काठी बांधून तो भाग स्थिर ठेवा. आवळपट्टी बांधू नका, चीर देऊ नका, चोखू नका, देवळात किंवा मांत्रिकाकडे नेऊ नका. १०८ वर फोन करा, गाडी यायला वेळ लागत असेल तर मिळेल त्या वाहनाने जवळचं सरकारी रुग्णालय गाठा आणि दंशाची वेळ लक्षात ठेवा. रात्री झोपेतून उठून पोट दुखतंय, पापण्या जड होतायत, गिळता येत नाही असं कुणी म्हणालं तर अंगावर खूण नसली तरी मण्यारीचा संशय घ्या आणि हे डॉक्टरांना सांगा.

कात ओळखता आली नाही तर तीन फोटो काढा: डोकं बाजूने, पाठ मध्यावर आणि गुदद्वारासह शेपटी खालून. शेजारी मोजपट्टी ठेवा. जाणत्या सर्पमित्राला किंवा शाळा-महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या शिक्षकाला हे तीन फोटो पुरतात, नुसत्या लांबच लांब कातेच्या फोटोवरून कुणालाच काही सांगता येत नाही. उत्तर येईपर्यंत ती विषारी सापाची आहे असं धरून चाला. ओळख उद्या पटली तरी चालेल, मोरीला जाळी मात्र आजच बसवा.